पडक्या भिंतीतली कोरांटी

अक्का, गोठ्यातली तुझी भांडी मी अजून आत आणलेली नाहीत. एक पातेलं, एक ताट, पितळी तांब्या आणि ती कड मोडलेली परात. भावजी म्हणाले, देऊन टाका कुणाला तरी. मी मान हलवली आणि भांडी तशीच ठेवली. तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. परड्यात गेलं की वाटतं, आता गोठ्याच्या दारातून तू हाक मारशील, "पारू, वासराला पाजलंस का?" हाक येत नाही. मग मी उगीच कोरांटीच्या ओळीपाशी जाऊन उभी राहते. माघ लागला तरी फुलं आहेत. सकाळचं ऊन भिंतीवरून उतरलं की माश्या येतात आणि मी त्यांच्याकडं बघत बसते. चुलीवरचं करपतं.

बायका बसायला येतात. पदर डोळ्याला लावून म्हणतात, "लई सोसलं बिचारीनं." मला त्यांचा राग येतो. बिचारी म्हणावं असं तुझ्यात काय होतं? तू भांडायचीस, हट्ट धरायचीस, माझ्या हातचं पिठलं आळणी झालं की ताट सरकवून द्यायचीस. आपलं एक भांडण तर अर्धंच राहिलंय. ते मी या बायकांशी कसं पुरं करू? म्हणून तुझ्याशीच बोलते.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा घरात दोघे भाऊ, म्हणजे आमचे मालक नि तुझे मालक भावजी, आणि तू, एवढीच माणसं. तू थोरली जाऊ, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी. माहेर आळंदकडचं, म्हणून बोलताना निम्मे शब्द कानडी. पहिल्या दिवशी मला म्हणालीस, "यव्वा, ही तर पोरगीच हाय." मी तुला अहोजाहो करायची. पाणी मी आणायची, सरपण मी आणायची, देवळात मी जायची. मला वाटलं, धाकटीवर कामं टाकायची रीत असेल. पुढं एकदा आपण दोघी जात्यावर बसलो होतो तेव्हा मी विचारलं, "अक्का, तुमी आडावर का येत न्हाय?"

तू खुंटा न सोडता सांगितलंस. तुझे वडील आजारी असल्याचा निरोप आला होता. भावजींनी जाऊ दिलं नाही. तू न विचारता चालत गेलीस, वडलांना माती देऊन परत आलीस. भावजी दारात उभे होते, हातात तुळजापूरच्या आईची कवड्यांची माळ. म्हणाले, "आज घेतो आत. पण आईची शपथ घेऊन सांगतो, पुन्हा या उंबऱ्याबाहेर पाय टाकलास तर आत घेणार न्हाय." तेव्हापासून तू बाहेर पडली नव्हतीस. ना आडावर, ना जत्रेला. पुढं माझ्या डोहाळजेवणाला शेजारणींना बोलवायलाही गेली नाहीस. मागचं परडं तेवढं तुझं होतं, कारण ते चार भिंतींच्या आत होतं.

सांगून झाल्यावर तू पुन्हा दळायला लागलीस. माझा हात मात्र थांबला होता. आपणही याच घरात आलोय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजलं.

मग एका श्रावणात झडीनं परड्याची उजवीकडची भिंत बसली. पलीकडं हुसेनबी खालाचं परडं. खाला विधवा, गोधड्या शिवायची, घरात मुलगा आणि सून. भिंत असताना तुम्ही दोघी एकमेकींचं तोंडही न बघता गप्पा मारायच्यात. भिंत पडली आणि दोघी समोरासमोर आलात. खाला कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अरे गंगू, तू तो बहुत दुबली है गे!" आणि तू तोंडावर पदर घेऊन हसलीस.

भावजींना ते खपलं नाही. दिवस बिघडायला लागले होते. निजामाचं राज्य डळमळतंय, सरहद्दीपलीकडं सोलापुरात वेगळाच वारा आहे, असं पुरुष हळू आवाजात बोलायचे. "भिंत घालून घ्या," भावजी म्हणाले. पण गवंडी मिळेना, दगड आणायला गाडी मिळेना. तेव्हा तू म्हणालीस, "म्या काट्याचं कुंपण लावते." भावजींना काटा हा शब्द आवडला. हो म्हणाले.

बाभळीच्या फांद्या टाकून मोकळी होशील असं मला वाटलं होतं. तू मला ओढ्यापलीकडच्या माळावर पाठवलंस. "गोरंटी आण." मला गोरंटी ठाऊक नव्हती. तू खुणा सांगितल्यास, कमरेएवढं झुडूप, पानाच्या बगलेत लांब काटे, पिवळं फूल, दात दुखला की पाला चावतात ती. "अवं, कोरांटी!" मी म्हणाले. "रानात ढिगानं हाय ती. ती कोण लावतंय का परड्यात?"

"म्या लावणार," तू म्हणालीस.

पहिल्या खेपेच्या काड्या सगळ्या सडल्या. काळ्या मातीत पाणी धरून राहिलं, मुळं धरलीच नाहीत. तू काड्या उपटून हुंगल्यास, फेकल्यास आणि पडलेल्या भिंतीचा ढिगारा उकरायला बसलीस. पांढरी माती, विटांचे तुकडे, बारीक खडे असं सगळं काळ्या मातीत कालवलंस आणि उंच बांध घातलास. मला म्हणालीस, "माळावर ही खडकात राहती. तिला इथं गादी कशाला?" दुसऱ्या खेपेला मी बोटाएवढ्या जाड काड्या आणल्या. तू खालची पानं काढून त्या तिरप्या खोचल्यास. हातांवर काट्यांचे ओरखडे होते. काड्यांतल्या निम्म्या जगल्या. उरलेल्या जागी तू बी टोचलंस.

ते बी काढायची तुझी तऱ्हा मला लई आवडायची. वाळलेली बोंडं फडक्यावर पसरायची, वर पाण्याचा शिपका मारायचा आणि मागं सरून बसायचं. थोड्या वेळानं तट, तट करून बोंडं फुटायची आणि चपटं बी उडून पार जात्यापर्यंत जायचं. मी गोळा करत फिरायची. पलीकडून खाला ओरडायची, "क्या भून रहे गे दोनों?"

दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला कोरांटी पिवळी झाली. पाणी घातलं तर बरी, नाही घातलं तरी बरी. शिवरात्र झाली की तू ती गुडघ्याएवढी छाटायचीस आणि पावसाळ्यात ती पुन्हा दाट व्हायची. माश्या आल्या, त्या बारीक तांबूस फुलोरी माश्या. त्यांनी एका दाट झुडपात हाताच्या पंजाएवढं पोळं धरलं. फुलपाखरं यायची. चोच वाकडी असलेला तो इवलासा काळा-निळा पक्षी यायचा. एकदा मी सकाळी पूजेला फुलं तोडायला गेले तर तू माझा हात धरलास. "आत्ता न्हाय. त्यांचं होऊ दे आदी. दुपारी तोड." देव दुपारपर्यंत थांबला. त्या आधी आपल्या भोपळ्याच्या वेलाची फुलं नुसती गळायची. तू पहाटे नराचं फूल तोडून मादीच्या फुलावर टेकवत फिरायचीस. त्या वर्षी तुला तसं फिरावं लागलं नाही. गोठ्याच्या छपरावर आपले भोपळे, पलीकडं खालाच्या मांडवावर दोडके. खाला काट्यांवरून दोडके द्यायची, तू भोपळ्याची फोड द्यायचीस. दोघींच्या दंडांवर ओरखडे. भावजी बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. कुंपण तर त्यांनीच मागितलं होतं.

मग ते वर्ष आलं. सडकेवरून हत्यारबंद टोळकी फिरायला लागली. शेजारच्या गावात घरं जळाली, धूर आपल्या माळवदावरून दिसला. लोक बैलगाड्या जुंपून सोलापूरकडं निघाले. मला दिवस भरत आले होते, पाय सुजलेले, चालणं होईना. भावजी म्हणाले, "धाकटीला गाडीचे हिसके सोसणार न्हायत. आणि घर राखायला कोण तरी पायजे. ह्या दोघी राहतील." आमचे मालक माझ्याकडं न बघता बैलाची वेसण आवळत राहिले. भावजींनी जाताना तुला एवढंच सांगितलं, "शपथ ध्यानात ठेव."

त्यांची गाडी गेल्यावर तू पुढच्या दाराला अडणा घातलास. ते दार मग कितीतरी दिवस उघडलं नाही. चूल पेटवायची ती सुद्धा धूर कमी होईल अशी. मोठ्यानं बोलायचं नाही. भाकरीचं पीठ संपत आलं तेव्हा आपण भोपळ्यावर राहिलो. भोपळ्याची भाजी, भोपळ्याचं कालवण, भोपळ्याच्या बिया भाजून. मी एकदा रडले, "मला भोपळा नको." तू म्हणालीस, "ह्या माश्या नसत्या तर हा बी नसता. गिळ." आणि स्वतःच्या ताटातली फोड मला वाढलीस. त्या भिंती मला गळ्याशी आल्यासारख्या वाटायच्या. मी तुला विचारलं, "अक्का, तुमाला इतकी वर्षं असंच वाटतं का?" तू म्हणालीस, "सवय होती." मला ती सवय होण्याची भीती वाटली. हे मी तुला कधी बोलले नाही, आत्ता बोलते. मला त्या टोळक्यांपेक्षा तुझ्यासारखं होण्याची भीती जास्त वाटत होती.

कळा सुरू झाल्या त्या भर सकाळी. तू पाणी ठेवलंस, सुरी तापवलीस, उजेडासाठी मागचं दार फटीएवढं उघडलंस. आणि तेवढ्यात सडकेवरून घरघर ऐकू यायला लागली. मोठ्या गाड्या, एकामागून एक, संपेनातच. जमीन हलत होती. आपल्याला वाटलं, आता गाव जाळायला आले. तू पदराचा बोळा माझ्या तोंडात कोंबलास. "वरडू नको पारू. कुणाच्या हायेत ठाऊक न्हाय. वरडू नको." मी बोळा चावला. मागच्या दाराच्या फटीतून कोरांटीची एक फांदी दिसत होती, दोन-चार फुलं आलेली. तू म्हणालीस, तिकडं बघ. मी बघितलं, पण दिसत काही नव्हतं. तू पाण्यासाठी उठलीस तेव्हा मी तुझं लुगडं धरलं आणि बोळा थुंकून म्हणाले, "अक्का, तू जाऊ नको!" पहिल्यांदाच तुला 'तू' म्हणाले. पोरगी झाली. तिनं टाहो फोडला तो त्या घरघरीत बुडून गेला. तू तिला पुसून माझ्याजवळ दिलंस आणि म्हणालीस, "आता तूच म्हणत जा. तुमी-बिमी बास."

घरात मध नव्हता. तू परड्यात गेलीस, झुडपातल्या पोळ्याची एक कड बोटानं मोडलीस आणि ओठ सुजवून परत आलीस. तुझ्या करंगळीवरचा तो थेंब माझ्या लेकीनं चाटला. अक्का, तुला त्याबद्दल मी कधी काही म्हटलं नाही. घरातल्या माणसांना आपण असं काही म्हणत नाही. आज म्हणते, तुझे उपकार आहेत माझ्यावर.

त्या गाड्या हिंदी फौजेच्या होत्या. निजामाचं राज्य गेलं होतं. आपल्याला कुणी सांगितलंच नाही. आपण अडणा घालून, श्वास धरून, भोपळा खात तशाच बसून राहिलो. शेवटी एका दुपारी कोरांटीपलीकडून खालाचा आवाज आला. "गंगू, ओ गंगू! दरवाजा खोल गे. फौज आ गई. राज गया." आवाजात आनंद नव्हता. तू कुंपणाशी जाऊन विचारलंस, "मग तू का रडती?" ती म्हणाली, "अब हमारी बारी है."

माणसं परतायला लागली होती. ज्यांची घरं जळली होती ते रागानं पेटलेले होते. खालाचा मुलगा टोळक्यात गेला होता असं गाव म्हणत होतं. तो गेला होता की नव्हता, मला आजही ठाऊक नाही. तो घरी नव्हता एवढं खरं. तू खालाला काट्यांवरून सरळ विचारलंस. ती म्हणाली, "माँ को बोल के जाते क्या पोट्टे?" तू पुढं काही विचारलं नाहीस.

दोन दिवसांनी पलीकडच्या गल्लीत आरडाओरडा झाला. खाला आणि तिची सून कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. तू कोयता आणलास आणि कोरांटी तोडायला लागलीस. मला सकाळी एक फूल तोडू न देणारी तू, फुललेल्या फांद्या सपासप पाडत होतीस. पोळं हललं, माश्या तुझ्या डोक्याभोवती उठल्या. मी लेकरू छातीशी धरून दारात उभी होते. म्हणाले, "अक्का, नको. घरात माझं लेकरू हाय."

"लेकरू हाय म्हणूनच जमंल," तू म्हणालीस. "बाळंतिणीच्या खोलीत कोण शिरत न्हाय. सरक."

त्या दोघी त्या खिंडारातून आत आल्या. खालाचे हात रक्ताळले होते. तू दोघींना माझ्या बाजेमागं बसवलंस आणि लेकरू खालाच्या मांडीवर दिलंस, रडू नये म्हणून. मग पुढच्या दारावर थापा पडल्या.

मी आतून सगळं ऐकलं. तू अडणा काढलास. दार करकरलं, पुन्हा लागलं, बाहेरून कडी घातल्याचा आवाज आला. मला क्षणभर समजेना, कडी बाहेरून कशी? तू उंबरा ओलांडला होतास. तू पायरीवर बसली होतीस. बाहेरची माणसं आपल्याच गावातली, कुणी तुझ्या हातचं ताक प्यालेलं. त्यातला एक म्हणाला, "थोरल्या वैनी, तुमी बाहेर कशा?"

तू म्हणालीस, "आत बाळंतीण हाय. वल्लं बाळंतपण हाय. ज्याला आत जायचंय त्यानं आपल्या आईला विचारून यावं."

"वैनी, त्या दोघी हितं आल्या का?"

"म्या सांगितलं ना आत कोण हाय ते."

मी लेकराकडं बघत होते आणि खालाचे ओठ हलत होते, आवाज न करता. मग पावलं लांब गेली. तू मात्र लगेच आत आली नाहीस. मी फटीतून बघितलं. तू पायरीवर बसून समोरच्या रस्त्याकडं बघत होतीस. आपल्या घरासमोरचं ते लिंबाचं झाड इतकं मोठं झालंय हे तुला ठाऊक नव्हतं. आत आल्यावर तू पहिलं तेच बोललीस.

खालाचा भाऊ गाडी घेऊन आला तेव्हा गाव जरा शांत झालं होतं. ते गुलबर्ग्याकडं निघाले होते, आळंदवरून. खालानं तुझे दोन्ही हात धरले. "गंगू, चल. तेरे माँ के दरवाजे पे उतार देती. कौन रोकता तेरेकू?" खरंच कुणी अडवणारं नव्हतं. आपले पुरुष अजून परत यायचे होते. दार सताड उघडं होतं. गाडी दारात होती. मी म्हणाले, "जा अक्का. तुझी आई वाट बघती असंल." तू माझ्याकडं बघितलंस, लेकराकडं बघितलंस आणि म्हणालीस, "आत्ता गेले तर पळून गेली म्हणतील."

"म्हणू दे!"

"न्हाय. म्या माझ्या घरात हाय."

इथंच आपलं भांडण सुरू झालं. ते मी अजून सोडलेलं नाही.

भावजी आले. गावानं त्यांना वेशीतच सांगितलं होतं. त्यांनी पायही धुतले नाहीत. देव्हाऱ्यातली कवड्यांची माळ घेऊन चौकटीत उभे राहिले आणि म्हणाले, "उंबरा ओलांडलास ना?" तू म्हणालीस, "व्हय." तू का ओलांडलास, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी मागच्या दाराकडं बोट केलं. आमचे मालक खाली मान घालून बसले. मी बोलायला गेले तर तूच मला हातानं गप्प केलंस, तुझं लुगडं नि पातेलं उचललंस आणि गोठ्यात गेलीस. इतकी वर्षं परडं घरात मोजलं जायचं. त्या दिवसापासून ते घराबाहेर मोजलं गेलं.

मी मागच्या दारातून तुला भाकरी द्यायची. तू गोठ्याच्या दारात बसून खायचीस. दिवसभर तुझं कोरांटीशी चालायचं. तोडलेल्या जागी बुंध्यांना नवे कोंब आले होते, ते शेळीनं खाऊ नयेत म्हणून तू राखण करायचीस. पडलेल्या फांद्यांतल्या जून काड्या काढून पुन्हा खोचल्यास, मलाही खोचायला लावल्यास. "तिरपी खोच. डोळा वर पायजे. दाब माती, घाबरू नको." माश्या पोळं सोडून गेल्या होत्या. दिवाळीनंतर परतल्या, गोठ्याच्या बाजूच्या झुडपात. तू मला हाक मारून दाखवलंस. इतका आनंद मी तुझ्या तोंडावर मधाच्या दिवशीच तेवढा बघितला होता.

आणि मी रोज भांडायची. भावजी शेतात गेले की म्हणायची, "ये आत. कोण बघतंय?" तू यायची नाहीस. थंडी वाढली, तू खोकायला लागलीस, तरी यायची नाहीस. मी चिडून म्हणाले, "त्यांच्यापेक्षा तूच त्यांची शपथ जास्त पाळतीस!" तू भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबलीस. "त्यानं बोलवावं," म्हणालीस. "म्या चोरून का येऊ? म्या काय चोरी केली?"

एका संध्याकाळी भावजी मागच्या दारात आले. हातात घोंगडी होती. बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी घोंगडी उंबऱ्यावर ठेवली आणि आत गेले. तू ती उचललीस आणि वासराच्या अंगावर टाकलीस. मी तेव्हा हसले होते. आता हसू येत नाही. ती घोंगडी तू अंगावर घेतली असतीस तर? तू गाडीत बसली असतीस तर? तू ज्या दारातून बोलावणं यायची वाट बघितलीस, त्या दारात बोलणारं माणूसच नव्हतं अक्का. हे तुला दिसत नव्हतं असं मला पटत नाही. मग काय दिसत होतं तुला? सांगितलं असतंस तर बरं झालं असतं.

पौषात तुझ्या छातीत कफ भरला. मी शेक दिला, अडुळशाचा काढा दिला. मी पाणी गरम करायला आत आले आणि परत आले तेव्हा तू गेली होतीस. दुपार होती. लेकरू तुझ्याजवळ पथारीवर झोपलं होतं, त्याच्या अंगावर तुझा हात होता.

गावकरी जमले. तिरडी परड्यातच बांधायला घेतली. भावजी म्हणाले, "कुंपणाच्या खिंडारातनं न्या. पलीकडचं घर मोकळंच हाय." तू ज्या वाटेनं दोघींना वाचवलंस त्याच वाटेनं तुला चोरासारखी काढणार होते. मी लेकरू शेजारणीकडं दिलं. घरात गेले आणि पुढचं दार सताड उघडलं. मग मागच्या दारात येऊन बायकांना म्हणाले, "अक्काला आत घ्या."

कुणी हललं नाही. भावजी माझ्या समोर आले. "आईची शपथ हाय माझी."

मी त्यांच्याशी तोवर मान वर करून बोलले नव्हते. म्हणाले, "शपथ तुमची हाय. ती तुमची तुमी फेडा. अक्का तिच्या घरातनं जाईल. न्हाय तर म्या बी हितंच गोठ्यात बसते, लेकरू घेऊन."

आमचे मालक उठले. इतके महिने जे खाली मान घालून बसले होते ते उठले आणि त्यांनी तुझ्या खांद्याखाली हात घातला. मग शेजारणी पुढं आल्या. आम्ही तुला माजघरात आणून ठेवलं, जात्याजवळ. मी तुला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, कोरांटीची फुलं घातली. ऊन कललं होतं, माश्यांचं झालं होतं. पायरीवर तुझ्या अंगावर आलेली ती माणसं बाहेर टोप्या काढून उभी होती. त्यातलाच एक म्हातारा म्हणाला, "चला, उचला." तू पुढच्या दारानं गेलीस. भावजी चौकटीला टेकून होते. त्यांच्या हातात माळ होती की नव्हती, ते मी बघितलं नाही.

घरात आता कुणी माझ्याशी फारसं बोलत नाही. भावजी माझ्या हातचं वाढलेलं गुमान जेवतात आणि उठतात. पलीकडच्या घराला नवा मालक येणार आहे. तो भिंत घालणार म्हणतात. मी हो म्हटलेलं नाही, पण मला कुणी विचारलेलंही नाही. दिवस तसेच आहेत. पाणी, चूल, भाकरी, लेकरू. कधीकधी संध्याकाळी ध्यानात येतं की आज मी दाराबाहेर गेलेच नाही, आणि अंगावर काटा येतो.

तुझ्या आईला अजून कुणी कळवलेलं नाही. रस्ते नीट नाहीत, कोण जाणार, असं म्हणतात. उद्या आळंदकडं जाणारी एक गाडी आहे. मी गाडीवानाला सांगून ठेवलंय. घरात विचारलेलं नाही. लेकीला घेऊन जाणार आहे. परत आले तर दार उघडं असेल की नाही, ते मला ठाऊक नाही.

वाटेत मी तुझ्याशी भांडेन, कारण ही वाट तू जायला हवी होतीस. पण तिथं पोचल्यावर भांडणार नाही. तुझी आई मला विचारेल, माझी लेक शेवटी कुठं होती गं? मी सांगेन, घरात होती.